विवाहसंबंध आणि मुलकीचा हक्क

बीडनजीकचे पाली हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जिल्ह्याच्या पश्चिमेस लागून असलेला नगर जिल्हा मात्र ब्रिटिश मुंबई इलाख्यात मोडे. दोहोंकडील भाषा एकच; परंतु सीमेपलीकडील मनुष्य हैदराबादच्या सरकारदरबारी ‘गैरमुलकी’ ठरे.

१९१९ च्या फर्मानान्वये आलेल्या नियमांत मुलकीचे चार प्रकार सांगितले होते : जन्माने राज्याची प्रजा असलेला, वास्तव्याने पात्र झालेला, ज्याच्या जन्मसमयी पित्याची सरकारी नोकरी १५ वर्षे झालेली व चालू होती तो, आणि मुलकी पुरुषाची पत्नी. सरकारी नोकरीचे दार या व्याख्येवर अवलंबून असे. नगरकडील कन्या पालीची सून झाली की विवाहानेच मुलकी होई. पालीच्या कन्येशी विवाह करून तेथेच स्थायिक होणाऱ्या नगरच्या जावयास मात्र त्या नात्याचा लाभ नसे. त्याला १५ वर्षांचे वास्तव्य आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे दंडाधिकाऱ्याने साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र आवश्यक होते.

स्त्रीचे स्थान पतीवरून ठरते, हा या भेदामागील समज होय. तो केवळ निजामी नव्हता. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही विवाहाधारे नोंदणीची सवलत प्रथम स्त्रियांपुरतीच होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पुरुषांनाही मिळाली. थायलंडमध्येही थाई स्त्रीच्या परदेशीय पतीस मुक्काम वाढविण्यासाठी ४ लाख बाटची ठेव अथवा दरमहा ४० हजारांचे उत्पन्न दाखवावे लागत असे. थाई पुरुषाच्या परदेशीय पत्नीस ही अट नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बीड-नगर ही राज्यसीमा मिटली. सुनेस आपले व जावयास परके मानणारी दृष्टी मात्र सीमेबरोबर मिटली नाही.