नंबर येणे आणि नंबर लागणे

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे शिनोली घ्या, नाहीतर आंबेगाव-जुन्नरमधले दुसरे कुठलेही गाव. बारावी झालेल्या मुलाच्या घरी निकालानंतर एकच प्रश्न विचारला जातो: ‘लागला का नंबर?’ मराठीत नंबर येतो आणि नंबर लागतोही. वर्गात पहिला नंबर येतो तो मुलाच्या अभ्यासाने. कॉलेजात नंबर लागतो तो जागा किती आणि रांगेत पुढे उभे किती, यावर. क्रियापदाच्या या फरकात आपल्याकडच्या प्रवेशाचा सगळा इतिहास आहे. पिढ्यांमागून पिढ्या या दोन गोष्टींतले अंतर वाढत गेले आणि घरातली अपेक्षा मात्र पहिल्या अर्थावरच बेतलेली राहिली. प्रवेशाच्या दिवसांत घराघरात जी निराशा उतरते तिचे मूळ माझ्या मते या गल्लतीत आहे, मुलांच्या कमीपणात नाही.

इंजिनिअरिंगचेच उदाहरण पाहू, कारण पुणे जिल्ह्यात त्याची मुळे फार जुनी. १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा वर्ग सुरू झाला. आजच्या सीओईपीची ती सुरुवात. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेत शिकले, १८८३च्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्या काळी तिथपर्यंत पोचणारेच मूठभर, म्हणून नंबर आला की तो लागलाच. नंतर सांगलीला १९४७ साली, कऱ्हाडला १९६० साली कॉलेजे निघाली, तरी शिकू पाहणाऱ्यांच्या मानाने जागा थोड्याच होत्या. मग १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र मुळापासून बदलले. जागा इतक्या वाढल्या की पुढे कित्येक कॉलेजांत त्या रिकाम्या राहू लागल्या. म्हणजे इंजिनिअर होण्याची टंचाई संपली. उरली ती चार-सहा नामांकित संस्थांची आणि त्यांतही एखाद्या शाखेची टंचाई. रांग साऱ्या राज्याची आणि दार तेवढेच, असे झाले. बापाच्या वेळी ‘इंजिनिअरिंगला लागला’ एवढी बातमी गावाला पुरत होती. मुलाच्या वेळी ‘कुठे लागला?’ हा पुढचा प्रश्न आला.

मोजण्याची पट्टीही याच काळात बदलली. आधी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत, पुढे सीईटी आली, आणि २०१९पासून सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. इथे फार मोठी फसगत होते. नव्वद टक्के ऐकायची सवय असलेल्या कानाला नव्वद पर्सेंटाइल तसेच वाटते. पण समजा परीक्षेला तीन लाख मुले बसली, तर नव्वद पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे तीस हजार जण आहेत आणि नव्याण्णव म्हणजे तीन हजार. एका शाखेत बहुधा साठ किंवा एकशे वीस जागा असतात, हे शेजारी मांडून पाहा. आयआयटीचे गणित याहून कडक आहे. २०२४ साली जेईई अॅडव्हान्स्डला सुमारे १,८०,२०० विद्यार्थी बसले, ४८,२४८ पात्र ठरले आणि सगळ्या आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. पात्र ठरलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक मुलांना आयआयटीत जागा नव्हती, आणि ही सगळी मुले हुशारच होती. घरी मात्र ‘पात्र झाला’ म्हणून पेढे वाटले जातात आणि महिन्याभराने त्याच मुलाकडे अपराध्यासारखे पाहिले जाते. हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून अपेक्षा ठेवण्याआधी रांगेचे वास्तव ओळखा, असे मी म्हणतो. त्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ‘वास्तव ओळखा’ हा सल्ला नेहमी गरिबालाच का? १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हे स्पष्ट मांडले होते. पायरी पायरीने वर यायची सोयच ज्यांना नव्हती, त्यांना ‘झेपेल तेवढेच मागा’ असे शतकभर सांगितले गेले. शिनोलीच्या पुढे डिंभ्यापासून पश्चिमेला महादेव कोळ्यांची गावे आहेत. तिथल्या मुलांना हा सल्ला पुन्हा ऐकवणे पाप आहे. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या बघत वाढलेल्या जुन्नरच्या मुलीने मोठे स्वप्न पाहू नये, असे कोण म्हणेल? पण रांगेचा हिशेब ठेवणे आणि मुलाची लायकी ठरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब न कळल्याचा दंड याच घरांना सर्वांत जड जातो. शहरातले कुटुंब एक वर्ष ‘ड्रॉप’ घेऊन क्लासची फी पुन्हा भरू शकते. कांद्याच्या भावावर घर चालवणाऱ्याला ते वर्ष परवडत नाही. शिवाय प्रत्येक प्रवर्गाची कट ऑफ वेगळी असते. अनुसूचित जमातीच्या मुलाने खुल्या गटाचा आकडा पाहून अर्जच केला नाही, तर हक्काची जागा त्याच्या हातून जाते. वास्तव कळले तर अपेक्षा कधी कधी वर जाते, ती अशी.

दुसरा आक्षेप असा की, लक्ष्य मोठे ठेवले नाही तर मूल जोर लावणार नाही. कॅप राऊंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म पाहिला की याचे उत्तर मिळते. त्यात पसंतीक्रमाने कितीतरी कॉलेजे लिहिता येतात आणि सीओईपी सर्वांत वर लिहायला काहीही जास्तीचे पडत नाही. उलट भीतीपोटी सोपे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले आणि पहिल्याच फेरीत ते मिळाले, तर जागा तिथेच पक्की होते आणि वरचे दार बंद होते. चूक वर लिहिण्यात होत नाही, यादी पाच नावांवर थांबवण्यात होते. आंबेगाव तालुक्यातच, अवसरी खुर्दला, २००९पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १८५४ साली जे शिक्षण जिल्ह्यात एकाच ठिकाणी मिळत होते ते सरकारी फीमध्ये आपल्या तालुक्यात आले, ही इतिहासातली मोठी कमाई आहे. ‘शेवटी अवसरीला लागला’ असे खालच्या आवाजात सांगण्यासारखे त्यात काही नाही.

फॉर्म भरायला बसाल तेव्हा गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीची कट ऑफ समोर ठेवा, आपल्या प्रवर्गाचा रकाना बोटाने शोधा, यादी खालपर्यंत भरा, आणि हे सगळे मुलाला शेजारी बसवून करा.