मोटारीचा एसी : दोषनिदान व दुरुस्ती

मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचा बिघाड शोधून ती पूर्ववत करण्याची प्रक्रिया. काँप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह व कूलिंग कॉइल हे या बंद मंडलाचे मुख्य भाग. मंडलात फिरणारा आर-१२ हा शीतक वायू ओझोन थराला घातक ठरल्याने १९९० च्या दशकात त्याच्या जागी आर-१३४ए रूढ झाला.

निदान मंडलाच्या कमी व जास्त दाबाच्या बाजूंना लावलेल्या दोन गेजांपासून सुरू होते. एसी चालू असताना आर-१३४एचा दाब कमी बाजूस साधारण २५ ते ४५ आणि जास्त बाजूस १५० ते २५० पीएसआय असतो. हवेतील उष्म्यानुसार तो बदलतो. दोन्ही काटे खाली असल्यास बहुधा वायू कमी असतो. दोन्ही वर असल्यास वायू जादा, पंखा बंद किंवा कंडेन्सर धुळीने बुजलेला असतो. कमी बाजू वर व जास्त बाजू खाली असल्यास काँप्रेसर कमजोर समजतात. जोडाभोवतीचा तेलकट, धूळ धरलेला डाग गळतीची जागा दाखवतो, कारण वायूबरोबर काँप्रेसरचे तेलही झिरपते.

गळती सापडल्यावर उरलेला वायू यंत्राने काढून घेऊन ओ-रिंग व ड्रायर बदलतात, सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम करून ओलावा काढतात आणि बॉनेटखालील पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच वायू भरतात. गळती बंद न करता वायू भरणे ही दुरुस्ती नव्हे.