राजधानी गेल्यानंतरचे क्योतो

क्योतो या नगरनामातील दोन्ही चिन्हांचा अर्थ राजधानी असाच होतो. सम्राट कान्मु याने इ. स. ७९४ मध्ये येथे राजधानी आणली, तेव्हा तिचे नाव हेइआन्-क्यो असे होते. व्यवहारात मात्र लोक तीस नुसती 'राजधानी' म्हणू लागले आणि कालांतराने हे सामान्यनामच विशेषनाम होऊन बसले. १८६८ साली एदो या शोगुनांच्या नगरास तोक्यो, म्हणजे 'पूर्वेकडील राजधानी', हे नाव देण्यात आले आणि पुढील वर्षी सम्राट मेइजी तेथे राहावयास गेला. राजधानी हलविल्याचे रीतसर फर्मान मात्र कधीच निघाले नाही. राजधानीपण गेले, नाव तेवढे राहिले.

या नगरास भेट देणारे प्रवासी येथे प्राचीन व अर्वाचीन यांचे मिश्रण पाहिल्याचे सांगतात. हे वर्णन सर्वस्वी खोटे नव्हे, तथापि ते दिशाभूल करणारे आहे. प्राचीन आपोआप टिकले आणि अर्वाचीन बाहेरून येऊन त्यात मिसळले, असे त्यातून सूचित होते. इतिहास याहून निराळा आहे.

दरबार गेल्यावर त्याच्या आश्रयावर जगणारे कारागीर निराधार झाले. निशिजिन् या विणकरवस्तीने १८७२ मध्ये तिघा जणांना फ्रान्समधील लिआँ येथे पाठविले. त्यांपैकी एकजण परतीच्या वाटेवर जहाज बुडून मरण पावला. परंतु जॅकार्ड माग जपानात आले. आज परंपरेचे प्रतीक मानले जाणारे निशिजिन्‌चे रेशमी वस्त्र या फ्रेंच यंत्राच्या आधारानेच तगले.

याहून मोठे साहस बिवा सरोवराच्या कालव्याचे. तानाबे साकुरो या तरुण अभियंत्याने आपल्या पदवीप्रबंधासाठी हाच विषय निवडला होता; पुढे कामही त्याच्याकडेच आले. १८८५ मध्ये आरंभ होऊन १८९० मध्ये कालवा पूर्ण झाला. मूळ योजना पाणचक्क्यांची होती; परंतु अमेरिकेतील जलविद्युत् पाहून आल्यावर तानाबेने ती बदलली आणि १८९१ मध्ये केआगे येथे वीज निर्माण होऊ लागली. १८९५ साली जपानातील पहिली विजेची ट्राम धावली ती तोक्योत नव्हे, क्योतोत. कालव्याच्या एका शाखेचा विटांचा जलसेतू नान्झेन्-जी या झेन मंदिराच्या आवारातूनच नेलेला आहे. आज लोक त्याची छायाचित्रे मंदिराइतक्याच भक्तिभावाने घेतात!

त्याच १८९५ साली नगराच्या अकराशेव्या वर्षानिमित्त हेइआन् देवस्थान उभारण्यात आले. प्राचीन राजवाड्यातील सभागृहाची ही लहान प्रमाणातील प्रतिकृती होय. तेव्हा प्रवासी ज्यास प्राचीन समजतो ते देवस्थान आणि ट्राम ही दोन्ही समवयस्क ठरतात.

खरे प्राचीनत्व शोधावयाचे तर ते भाषेत अधिक सापडते. पत्त्यात उत्तरेस जाण्यास 'आगारु', म्हणजे चढणे, आणि दक्षिणेस जाण्यास 'सागारु', म्हणजे उतरणे, असे आजही लिहितात. मूळ राजवाडा नगराच्या उत्तर टोकास होता आणि जमिनीचा चढही उत्तरेकडेच आहे. 'साक्यो', म्हणजे डावी राजधानी, हा विभाग नकाशावर उजवीकडे दिसतो. कारण डावे-उजवे ठरते ते दक्षिणाभिमुख बसलेल्या सम्राटाच्या दृष्टीने. सिंहासन गेले, तरी त्यावरून मोजलेल्या दिशा व्यवहारात राहिल्या.

ट्रामचे तसे झाले नाही. १९७८ साली नगराची ट्रामसेवा बंद पडली. त्याआधी १९६४ मध्ये रेल्वेस्थानकासमोर १३१ मीटरांचा मनोरा उभा राहिला व त्यावरून मोठा वाद माजला. २००७ मध्ये नगरपालिकेने मध्यवस्तीतील इमारतींची कमाल उंची ४५ मीटरांवरून ३१ मीटरांवर आणली. परंतु घरे महाग होऊन तरुण कुटुंबे शेजारच्या गावांत जाऊ लागली, तेव्हा २०२३ मध्ये काही विभागांत, विशेषतः स्थानकाच्या दक्षिणेस, हे निर्बंध सैल करावे लागले.