दाराआड कोण?

दहावीचा निकाल लागला की मुलगा पी.यु.सी. सायन्सचा फॉर्म मागतो. तेवढेच गुण मिळवलेली मुलगी वडिलांच्या तोंडाकडे पाहते. ही रीत जुनी. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलांचाच अभ्यासक्रम मुलींना कशाला, असा आक्षेप टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने घेतला. १९३३ साली कमला भागवतांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेने स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्यांनी तो हट्टाने, अटी सोसून मिळवला आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेटही. १९६६ साली कोठारी आयोगाने दहावीपर्यंत गणित-विज्ञान मुलामुलींना सारखेच सक्तीचे सुचवले. दार तेव्हाच उघडले. तरी ‘पोरी, आर्ट्सच बरे’ असे मीही कित्येकींना सांगितले. दाराआड उभा होतो तो मीच.