कार्बन डायऑक्साइडच्या साठवणीसाठी खडकांचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड वातावरणात जाऊ न देता भूगर्भातील खडकांत साठविण्याचे प्रयत्न गेली तीन दशके सुरू आहेत. ‘योग्य खडक’ ही संकल्पना या काळात कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वालुकाश्माचा टप्पा : नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लागू केला. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर क्षेत्राच्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. तो वेगळा करून १९९६ पासून समुद्रतळाखालील उत्सिरा वालुकाश्मात सोडला जाऊ लागला. वायू सामावणारा सच्छिद्र खडक आणि त्यावर झाकणासारखा अभेद्य थर, हे दोन निकष येथे दृढ झाले. मात्र अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ मध्ये सुरू झालेले असेच काम २०११ मध्ये थांबवावे लागले. तेथील वालुकाश्म कमी पार्य असल्याने दाब वाढला, भूपृष्ठ काही मिलिमीटर उचलले गेले आणि वरच्या थराच्या अखंडतेविषयी शंका निर्माण झाली.

बेसॉल्टचा टप्पा : आइसलँडमधील हेल्लिशेइदी येथे २०१२ मध्ये हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडण्यात आला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत रूपांतर झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे वायू केवळ कोंडला गेला नाही, तर त्याचाच दगड झाला. तथापि, या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते.

महाराष्ट्राचा संदर्भ : महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला असल्याने या प्रयोगाकडे येथील अभ्यासकांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या ३ किलोमीटर खोल विंधनछिद्रात बेसॉल्टची जाडी सुमारे १.२ किलोमीटर आढळली. पूर्वेकडे ती कमी होत जाते. परंतु याच खडकाच्या वरच्या थरांतील भेगा व पोकळ्यांतील पाण्यावर असंख्य विहिरी अवलंबून आहेत. शिवाय, कोयनेत धरणाच्या जलाशयाचाही भूकंपांशी संबंध जोडला गेला आहे. तेव्हा दाबाने द्रव सोडण्यापूर्वी अधिक सावधगिरी आवश्यक ठरते.

निष्कर्ष : सच्छिद्रता, अभेद्य आवरण व रासायनिक अभिक्रिया हे निकष अनुभवातून क्रमाने पुढे आले. अवर्षणप्रवण महाराष्ट्रात त्यांत भूजलाची सुरक्षितता हा निकष जोडावा लागेल. खडकाची योग्यता केवळ त्याच्या गुणधर्मांवरून नव्हे, तर त्यावर जगणाऱ्या समाजाच्या गरजांवरूनही ठरविली पाहिजे.