कानासाठी कोंडलेला श्वास

पाण्याने भरलेली घागर उचलताना आपण नकळत काय करतो? श्वास घेतो, घसा मिटतो आणि जोर लावतो. वैद्यकात याला ‘वाल्साल्व्हाची क्रिया’ म्हणतात. गंमत अशी की, वाल्साल्व्हाच्या डोळ्यांसमोर वजने नव्हती, कान होता. बोलोन्याच्या या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिला. नाक-तोंड मिटून जोराने उच्छ्वास केला की मधल्या कानातला पू निघायला मदत होते, असे त्याचे म्हणणे.

१८५१ मध्ये जर्मनीत एडुआर्ड वेबरने असाच श्वास कोंडून छाती दाबून पाहिली, तर मनगटावरची नाडीच लागेना. एकदा तो स्वतः बेशुद्धही पडला! छातीतला दाब वाढला की हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मऊ शिरा दबतात. हृदयात रक्तच कमी आले, तर ते पुढे ढकलणार काय?

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांना अमेरिकेतील डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी क्रमाने वाढत्या वजनांचे व्यायाम दिले. १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध झाली. वजने आखाड्यातून रुग्णालयात आली आणि त्यांच्याबरोबर कोंडलेला श्वासही आला. त्याची किंमत किती, हे १९८५ साली कॅनडात मोजले गेले. मॅकडूगल व सहकाऱ्यांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत बारीक नळी घालून, दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना रक्तदाब पाहिला. सरासरी निघाली ३२०/२५०. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला! आपला नेहमीचा असतो १२०/८० च्या आसपास. यात स्नायूंच्या आकुंचनाचा वाटा होताच, पण कोंडलेल्या श्वासाचाही होता.

म्हणूनच ‘जोर लावताना श्वास सोडा, परतताना घ्या’ असे हृदयरुग्णांना व वृद्धांना सांगतात. मात्र हा नियम सरसकट लावणे आम्हाला पटत नाही. पोटातला वाढलेला दाब कण्याला आतून आधार देतो, हा विचार बार्टेलिंकने १९५७ मध्येच मांडला होता. शिवाय आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांपुढे वजन गेले की श्वास आपोआपच रोखला जातो. तिथे सूचना देऊन उपयोग नाही, वजनच कमी करावे लागते.

हलक्या व्यायामात एक सोपी युक्ती चालते. मुलांना बैठका मोठ्याने मोजत काढायला सांगा, उठताना आकडा म्हणायचा. बोलायचे तर घसा उघडा ठेवावाच लागतो.