यंत्राचा परकायाप्रवेश

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांस हंसूं येईल. अडगळींत पडलेला जुना संगणक घ्यावा, सुताराकडून पुरुषभर उंचीचें लांकडी कपाट करून घ्यावें, आणि नाणें टाकून खेळावयाचे चाळीसपंचेचाळीस वर्षांपूर्वींचे पडद्यावरील खेळ त्यांत पुन्हां चालू करावे, हा उद्योग सध्यां जगांत अनेक घरीं चालतो. मुलांच्या करमणुकीची ही गोष्ट इतिहासाच्या भाषणांत कशाला, असें कोणी विचारील. माझें म्हणणें असें कीं, जुनी वस्तु जपावयाची म्हणजे नेमकें काय जपावयाचें, हा इतिहासाचा मूळ प्रश्न या कपाटांत फार स्वच्छ दिसतो.

प्रथम या खेळांची कुळकथा पाहूं. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'पाँग' हा टेबल-टेनिससारखा खेळ काढला. त्यांत संगणक नव्हताच. केवळ विजेच्या मंडलांची जोडणी होती. १९७८ सालीं जपानांत टैटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला, व १९८० सालीं नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. या दोहोंच्या पोटांत मात्र खरा संगणक होता. पुढें आपल्याकडील शहरांतहि व्हिडिओ गेमचीं पार्लरें निघालीं. आज पन्नाशींत असलेल्या अनेक श्रोत्यांनीं शाळेची वाट तेथें वांकडी केली असेल. नंतर घरोघर खेळाचीं यंत्रें आलीं, मागून मोबाईल आला, आणि तीं मोठालीं कपाटें भंगारांत गेलीं.

जीं उरलीं त्यांचेंहि आयुष्य मोजकेंच आहे. खेळाची आज्ञावली ज्या चकत्यांत सांठविलेली असे, त्यांपैकीं पुष्कळांतील विद्युत्भार वर्षानुवर्षें हळूहळू झिरपून जातो, आणि अक्षरें पुसावीं तशी आज्ञावली पुसली जाते. १९९३ पासून कॅपकॉम कंपनीनें काढलेल्या एका यंत्रमालिकेची तर मौजच आहे. नकला होऊं नयेत म्हणून कंपनीनें आज्ञावली सांकेतिक लिपींत लिहिली, आणि ती उलगडण्याची किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारावर ठेविली. बॅटरी संपली कीं किल्ली गेली, व धडधाकट यंत्र मुकें झालें. त्या लिपीची रीत अभ्यासकांनीं २००७ सालीं उलगडली, म्हणून ते खेळ वांचले.

ते वांचले कसे, हें समजण्यास आपल्या पुराणांतील परकायाप्रवेशाची कल्पना उपयोगी पडते. शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. येथें मूळ यंत्राची आज्ञावली अक्षरशः उतरून घेतात. मग नव्या संगणकावर अशी एक आज्ञावली चालवितात, कीं जी त्यास जुन्या यंत्राचें सोंग हुबेहूब वठविण्यास शिकविते. जुन्या खेळास आपला देह बदलल्याचा पत्ताहि लागत नाहीं. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनीं ५ फेब्रुवारी १९९७ रोजीं 'मेम' या नांवाची अशी आज्ञावली प्रसिद्ध केली. तिचा उगम पॅक-मॅनच्या यंत्रांत होता. पुढें जगभरच्या स्वयंसेवकांनीं तींत हजारों यंत्रांची भर घातली, व २०१६ सालीं ती सर्वांस मुक्त झाली. जुनीं यंत्रें आंतून कशीं चालत याची नोंद ठेवणें हा आपला हेतु, खेळतां येणें हा केवळ आनुषंगिक लाभ, असें तिचे कर्ते सांगतात.

या कामांतील खरी कसोटी प्रामाणिकपणाची आहे. स्पेस इन्व्हेडर्समध्यें प्रारंभीं पंचावन्न शत्रु असतात. ते मारले जातील तसतसे उरलेले अधिक वेगानें चाल करून येतात, आणि खेळणाराच्या उरांत धडकी भरते. हा वेग कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. चित्रें कमी झालीं कीं त्या दुर्बल यंत्राचें ओझें हलकें होई व तें जलद धांवे, इतकेंच. पॅक-मॅनमध्यें पायरी मोजणारा आंकडा २५५ च्या पुढें जाऊं शकत नाहीं. म्हणून २५६ व्या पायरीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानें भरून जातो व खेळ तेथेंच खुंटतो. सुधारणेच्या हौसेनें कोणी हे दोष काढील तर खेळ राहील, पण इतिहास जाईल. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' छापून अस्सल कागदांचें जें महत्त्व आपणांस शिकविलें, तें या यंत्रांसहि लागू आहे. नक्कलकारानें शहाणपणा करूं नये.

आतां प्रत्यक्ष मांडणीसंबंधीं दोन शब्द. पॅक-मॅनचें यंत्र सेकंदास सुमारें तीस लक्ष ठोके मोजी. पंधरा वर्षांपूर्वींचा साधा घरगुती संगणक अब्जावधि मोजतो. हा वेग वायां जात नाहीं, कारण जुन्या यंत्राच्या एकेका क्रियेचें सोंग आणण्यास नव्यास अनेक क्रिया कराव्या लागतात, व त्याहि ठरल्या क्षणीं. पॅक-मॅनचा पडदा उभा, म्हणून आपला पडदा आडवा असेल तर उभा फिरवावा. दांडा व बटनें यांच्या तारा जुन्या कळफलकाच्या आंतील पाटीस जोडतां येतात. मात्र कळफलकाच्या तारा उभ्या-आडव्या ओळींत असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या गेल्या, तर चौथीहि दाबली असा कित्येक कळफलकांचा समज होतो. म्हणून जोडणीच्या जागा विचारपूर्वक निवडाव्या. कायद्याचेंहि भान असावें. १९८४ च्या दुरुस्तीनें कॉपीराइट कायद्यांत संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयकृतीचें स्थान मिळालें आहे. तेव्हां मालकांनीं स्वखुशीनें मोकळे केलेले खेळच घ्यावे. १९८१ चा 'रॉबी रोटो' हा त्यांपैकींच एक आहे.

माझ्या कडेगांवीं मोहरमांत गगनचुंबी ताबूत निघतात, व हिंदु आणि मुसलमान दोघेहि त्यांत मनापासून भाग घेतात. बांबूंचे ते उत्तुंग मनोरे दरवर्षीं नव्यानें उभे राहतात. पिढ्यानुपिढ्या टिकतात तीं बांधणीचीं मापें, बांबू जुळविण्याची रीत, आणि तें काम धाकट्यांस शिकविणारे हात. यंत्रांचेंहि असेंच आहे. देह जाणारच, चालीरीत लिहून व करून ठेवली तर ती राहते.

आणि ही गोष्ट केवळ खेळांपुरती नाहीं. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं आपले दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, स्थानिक इतिहासाचीं पुस्तकें संगणकावर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास अक्षरवळणांत जुळविलीं जात. त्यांच्या तबकड्या आज कित्येक घरीं पडून आहेत. त्या नव्या संगणकास लाविल्या, तर पुष्कळदां मराठीऐवजीं इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. क्वचित् तबकडी घालावयास जागाच नसते. जीं पुस्तकें छापलीं गेलीं तीं तरलीं. जें छापलें गेलें नाहीं, तें तेथेंच अडकलें आहे. तें सोडविण्यास जुनें यंत्र, जुनी आज्ञावली व त्यांची चाल जाणणारा मनुष्य, अशीं तिन्ही लागतात. खेळाचें कपाट उभें करणारा मुलगा नेमकी हीच विद्या शिकत असतो. त्यास रिकामटेकडा म्हणण्यापूर्वीं वडील माणसांनीं आपल्या माळ्यावरील तबकड्या त्याच्या हातीं द्याव्या, आणि जुना संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढविण्याआधीं त्याच्या पोटांत काय आहे तें एकवार पाहून घ्यावें.